तांबूसाठी घर हवंय, पण त्याच्या अडचणी न लपवता

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे फॉस्टरला (तात्पुरत्या सांभाळाला) असलेल्या तांबू या कुत्र्यासाठी कायमचं घर शोधते आहे. नर, अंदाजे तीन वर्षांचा, मध्यम चणीचा. नसबंदी आणि लसीकरण झालेलं आहे. सापडला तेव्हा मागचा उजवा पाय दुखावलेला होता, तो आता टेकवतो. सकाळी दारात उभा राहून अख्खं अंग हलवतो, ओळखीच्या माणसाच्या पायावर डोकं ठेवून पडून राहतो, माद्यांशी सुंदर खेळतो.

आता अडचणी. जेवत असताना कुणी जवळ गेलं की तो थिजतो आणि गुरगुरतो. अंथरुणावर झोपलेला असताना कुणी हात लावलेला चालत नाही. अनोळखी पुरुष, विशेषतः हेल्मेट घातलेले किंवा हातात काठी-छत्री असलेले, दिसले की भुंकत मागे सरकतो. घरात एकटा राहिला की रडतो आणि दार कुरतडतो.

मध्यंतरी तो एका घरी गेला होता. तिथल्या गृहस्थांनी त्याला झोपेत उचलून सोफ्यावरून खाली ठेवायचा प्रयत्न केला, तेव्हा तो हाताला चावला. दोन दातांच्या खुणा, खोल नव्हत्या. दुसऱ्या दिवशी 'चावरा आहे' म्हणून परत आला.

माझ्या घरी सासूबाई वॉकर घेऊन चालतात, त्यांचा तोल जातो. त्यामुळे त्याला कायमचं ठेवणं त्यांच्यासाठी आणि त्याच्यासाठीही बरोबर नाही. सध्या दोघांच्या मध्ये कायम एक बंद दार असतं. मी खरं खरं लिहून जाहिरात टाकली तर एक फोन येत नाही. जवळची एक मैत्रीण म्हणते, चावल्याचं लिहू नकोस, भेटीत सांग. मला ते पटत नाही, पण तांबूचे महिने चाललेत. अशा कुत्र्यासाठी कसं घर शोधायचं, आणि तोवर मी काय करायचं?

पाऊलखुणा

घर शोधण्याआधी एक काम करा. त्याची दुखण्याच्या दृष्टीने नीट तपासणी करून घ्या. तुम्ही लिहिलंय की पाय टेकवतो. टेकवतो म्हणजे दुखत नाही असं नाही. झोपेत उचललं तेव्हाच चावला, यावरून मला पहिली शंका तीच येते.

इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातले डॅनियल मिल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० साली लिहिलं होतं की वर्तनाच्या तक्रारीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या कुत्र्यांपैकी, सावधपणे धरलं तरी, जवळपास एक तृतीयांशांत कुठलं तरी वेदनादायक दुखणं सापडतं. काही ठिकाणी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपासही जातं. कुत्रा लंगडत नाही, कण्हत नाही, तरी दुखत असतं. उठताना आधी पुढचे पाय ताणतो का, जिन्याशी थबकतो का, एकाच कुशीवर झोपतो का, हे बघा. चालतानाचा आणि झोपेतून उठतानाचा व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यात घाबरलेला कुत्रा दुखणं लपवतो. पायाचा आणि कमरेचा एक्सरे, दात, कान आणि रक्ततपासणीत थायरॉइड, एवढं तरी बघून घ्या.

मधलीआळी

रानजाई, चावल्याचं लपवू नका. भेटीत सांगू म्हणणारे भेटीतही सांगत नाहीत, कारण तोवर समोरच्या घरातली मुलं कुत्र्याच्या गळ्यात पडलेली असतात.

पण लिहिताना 'चावरा', 'रागीट', 'पझेसिव्ह' अशी विशेषणं लिहू नका. घडलेलं लिहा. कधी, किती अंतरावरून, कुणी काय केल्यावर, त्याने आधी काय इशारा दिला, चावल्यावर लगेच सोडलं की धरून ठेवलं. इयन डनबार या पशुवैद्य-प्रशिक्षकांनी चाव्यांच्या सहा पायऱ्या केल्या आहेत. पहिलीत दात त्वचेला लागतही नाहीत. दुसरीत लागतात पण भोक पडत नाही. तिसरीत एकाच चाव्यात एक ते चार भोकं पडतात आणि कुठलंही सुळ्याच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल नसतं. चौथीपासून खोल जखम, धरून झटकणं, वारंवार चावणं सुरू होतं. तुमच्या वर्णनावरून तांबूचा चावा तिसऱ्या पायरीचा. हे हलक्यात घ्यायचं नाही, पण दातांवर त्याचा ताबा होता आणि का चावला ते कळतंय. जाणत्या माणसाला या दोन गोष्टींतून खूप काही समजतं.

खडीसाखर

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे तीन पिढ्या कुत्री आहेत. घरात वरचढ कोण हे त्याला कळलं की निम्मे प्रश्न सुटतात. जेवताना मध्येच ताट उचलून घ्यायचं, पुन्हा द्यायचं. गुरगुरला की तिथल्या तिथे दटावायचं. सोफ्यावर, पलंगावर चढू द्यायचं नाही. प्रेम आहे म्हणूनच सांगतेय, लाडाने ही कुत्री बिघडतात आणि शेवटी त्यांनाच भोगावं लागतं.

शेपूटवळण

खडीसाखर, तुमची कळकळ समजते. सोफ्याबद्दलचा नियम घरापुरता ठीक आहे. बाकीच्या सल्ल्याने तांबूचं नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहिते. मी कुत्र्यांच्या वर्तनाचंच काम करते.

'वरचढ कोण' ही कल्पना आली लांडग्यांवरून. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांच्या झुंजींचं वर्णन केलं. पुढे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या लिखाणामुळे 'अल्फा' (कळपातला वरचढ) हा शब्द घरोघरी पोचला. नंतर त्यांनीच कॅनडात मोकळ्या लांडग्यांचं वर्षानुवर्षं निरीक्षण केलं आणि १९९९ साली स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे कुणी झुंजून वरच्या जागेवर बसत नाही. आणि आपला कुत्रा तर लांडगाही नाही.

तांबूला ताट जाण्याची भीती वाटते म्हणून तो थिजतो. खरंच ताट काढून घेतलं की त्याची भीती खरी ठरते. दटावलं तर गुरगुरणं बंद होईल, भीती तशीच राहील. मग तो न सांगता चावेल. 'काही इशारा न देता चावला' असं ज्यांच्याबद्दल ऐकते, त्यातल्या कितीतरी कुत्र्यांचं गुरगुरणं माणसांनीच मार देऊन बंद केलेलं असतं. तांबू अजून गुरगुरतो, हा त्याचा मोठा गुण आहे. जाहिरातीत अवश्य लिहा. पशुवर्तन-वैद्यांच्या अमेरिकन संघटनेने २०२१ च्या निवेदनात कुत्र्यांना फक्त बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीनेच शिकवावं असं म्हटलं आहे, आणि त्यात वर्तनाचे प्रश्न असलेली कुत्रीही आली.

काय करायचं ते सांगते. तो जेवत असताना तो ताठ होत नाही इतक्या अंतरावरून चालत जा, जाता जाता त्याच्या खाण्याहून चांगला तुकडा ताटाच्या दिशेने टाका आणि निघून जा. थांबायचं नाही, बघायचं नाही. माणूस जवळ येतं ते काहीतरी द्यायला, हे त्याच्या शरीराला कळायला हवं. त्याने मान वर करून आशेने बघितलं की पुढच्या वेळी थोडं जवळून. खाणं थांबवलं, वेग वाढवला, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला की तुम्ही फार जवळ गेलात. झोपलेल्या तांबूला हात लावायचा नाही. हाक मारायची, तो उठून तुमच्याकडे यायला हवा.

खडीसाखर

हे मला माहीत नव्हतं. गुरगुरण्याबद्दलचं विशेष पटलं. तुकडा टाकून निघून जाणं घरातल्या म्हाताऱ्या कुत्रीवर करून बघते, तीही हल्ली ताटावर थिजते.

पाऊलखुणा

म्हातारी असेल आणि 'हल्ली' सुरू झालं असेल तर तिचेही दात आधी तपासा.

उंबरठा

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. आम्ही एक कुत्री दत्तक घेतली होती आणि ती परत द्यावी लागली. देणाऱ्यांनी सांगितलं होतं, 'थोडी लाजाळू आहे, प्रेम मिळालं की खुलेल.' ती लहान मुलांना घाबरत होती, आणि आमचा मुलगा तेव्हा नुकता चालायला लागला होता. ती पलंगाखालून बाहेर येईना. मुलगा पलंगाखाली वाकायचा. त्याच्या चेहऱ्याजवळ तिचे दात वाजले त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही.

आम्हाला आधी कळलं असतं तर आम्ही तिला घेतलं नसतं, आणि तिला आणखी एक घर बदलावं लागलं नसतं. तिच्या वाटचे ते आठवडे फुकट गेले याचं मला आजही फार वाईट वाटतं. रानजाई, तुमच्या जाहिरातीवर फोन येत नाहीत म्हणजे चुकीची घरं आपणहून बाजूला होताहेत. तुम्हाला एकच घर हवंय.

सावळीविहीर

+१ उंबरठा.

एक विनंती. 'कुणीतरी काठीने मारलं असणार' असं जाहिरातीत लिहू नका. पिल्लाचं जगाशी ओळख करून घेण्याचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदा आठवड्यांपर्यंत असतं. त्या काळात पुरुष, हेल्मेट, छत्र्या दिसल्याच नसतील तर कुणी बोट न लावताही मोठेपणी भीती राहू शकते. मार खाल्ल्याची कहाणी लिहिली की त्याला कुरवाळून बरं करायच्या भावनेने माणसं येतात. त्याला हवं ते अंतर. जवळ यायचं की नाही हे त्याला ठरवू देणारी माणसं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. एक्सरे झाला. पायाचं पूर्वी मोडलेलं हाड थोडं वाकडं जुळलंय आणि त्याच बाजूच्या खुब्यात संधिवाताची सुरुवात आहे. डॉक्टरांनी वेदनाशामक सुरू केलं, वजन थोडं उतरवायला सांगितलं, उड्या बंद. औषध लागू पडल्यापासून तो कूस बदलून झोपतोय. आधी एकाच कुशीवर झोपायचा, हे माझ्या लक्षात होतं, पण त्याचा अर्थ पाऊलखुणांनी विचारल्यावर कळला.

सोफ्यावरून उचललं तेव्हा त्या गृहस्थांचा हात नेमका त्याच खुब्याखाली गेला असणार. त्यांचा यात दोष नाही, त्यांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. त्यांना फोन करून कळवलं. तेही गप्प झाले, मग म्हणाले की त्याचं चांगलं घर झालं की सांगा.

ताटाजवळून जाण्याचा सराव सुरू आहे. दाराकडच्या बाजूने गेलं तर तो निवांत असतो, भिंतीकडच्या बाजूने गेलं तर ताठ होतो. कोपऱ्यात अडकल्यासारखं वाटत असावं. ताट खोलीच्या मध्यभागी ठेवल्यावर फरक पडला. आता राहिला एकटेपणाचा प्रश्न. त्यासाठी काय करू?

शेपूटवळण

ताटाची जागा बदलली हे फार छान केलंत.

एकटेपणासाठी आधी मोबाइल लावून ठेवा आणि तुम्ही बाहेर पडल्यावर तो काय करतो ते बघा. कंटाळलेला कुत्रा बराच वेळ गेल्यावर चपला फोडतो. घाबरलेला बहुधा लवकरच, दाराशीच सुरू होतो: धाप, लाळ, येरझारा, दार. तांबू दुसऱ्या प्रकारातला वाटतो. यावर 'रडून रडून सवय होईल' हा उपाय नाही, प्रत्येक वेळी घाबरला की भीती आणखी घट्ट बसते. तो शांत राहू शकेल तेवढाच वेळ बाहेर जायचं, सुरुवातीला हे सेकंदांत मोजावं लागेल, आणि हळूहळू वाढवायचं. मधल्या काळात खरोखर बाहेर जावं लागलं तर कुणाला तरी त्याच्याजवळ बसवा. क्रेटमध्ये (पिंजऱ्यात) कोंडू नका, अशी कुत्री बाहेर पडण्यासाठी दात आणि नखं तोडून घेतात.

प्रगती होत नसेल तर डॉक्टरांशी औषधाबद्दल बोला. क्लोमिप्रामीन आणि फ्लुओक्सेटीन ही दोन्ही औषधं कुत्र्यांच्या या त्रासासाठी अमेरिकेत मान्यताप्राप्त आहेत. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सोबत सराव हवाच. वेदनाशामक चालू आहे हे त्यांना आवर्जून सांगा. आपल्या गोळ्या कुत्र्याला अंदाजाने कुणीही देऊ नका.

शिवाय त्याला जाळीचा मझल (मुसकं) आनंदाने घालायला शिकवा. त्यात तोंड उघडून धापता येतं, पाणी पिता येतं. कापडी, तोंड आवळणारा नको. आज गरज नसली तरी दवाखान्यात आणि नव्या घरात उपयोगी पडेल.

मधलीआळी

घराबद्दल. 'कुत्र्यांची आवड आहे का' हे विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा: दारावरची बेल वाजली की तुमच्याकडे नेमकं काय होतं? पाहुणे मुक्कामाला आले तर तांबू कुठल्या खोलीत असेल, आणि त्या खोलीचं दार कोण सांभाळेल? दिवसातून किती वेळ घर रिकामं असतं? तो गुरगुरला तर तुम्ही काय कराल? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकताना घरातल्या प्रत्येकाकडे बघा, फक्त बोलणाऱ्याकडे नको. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी बघा.

तांबूसाठी माझ्या डोळ्यांसमोर आहे ते लहान मुलं नसलेलं, ये-जा कमी असलेलं घर. एक तरी माणूस बहुतेक वेळ घरी असणारं. अंगण नसलं तरी चालेल. एखादी शांत मादी कुत्री असेल तर बरंच. घरात पुरुष असेल तर त्याला बाद करू नका. जमिनीवर बसून, दुसरीकडे बघत, तांबू येईपर्यंत थांबायची त्याची तयारी असली म्हणजे झालं.

कोरडवाहू

कठीण प्रश्न विचारतो, राग मानू नका. घर मिळालंच नाही तर? आमच्या ओळखीत अशा एका कुत्र्याला शेवटी डॉक्टरांकडून शांतपणे निरोप दिला गेला. त्या घराने ते कसं सोसलं हे मी पाहिलंय.

शेपूटवळण

प्रश्न योग्य आहे, आणि तो विचारणाऱ्याला निर्दय ठरवू नये. काही कुत्र्यांच्या बाबतीत तो निर्णय घ्यावा लागतो: चावे खोल असतात, कशाने चावेल हे सांगता येत नाही, किंवा कुत्रा स्वतःच सतत भीतीत जगत असतो. त्या घरांनी मायेत काही कमी केलेलं नसतं.

तांबू त्या वाटेवर नाही. चावा एकच, उथळ, कारण कळलेलं आणि त्यावर उपचार सुरू. तो इशारा देतो, खेळतो, शिकतो. मात्र 'घर नाही तर आश्रयस्थानात आयुष्यभर' हा पर्याय सहज उच्चारू नका. ज्याला एकटेपणा सोसत नाही त्याला पिंजऱ्यांच्या रांगेत वर्षानुवर्षं ठेवणं ही त्याच्यावर दया नाही. फॉस्टरचं घर बदलावं लागलं तरी चालेल, घरच हवं.

रानजाई

कोरडवाहू, राग नाही. हा प्रश्न रात्री माझ्याही मनात येतो. उत्तर वाचून धीर आला.

नवी जाहिरात लिहिली आहे. बघून सांगा:

'तांबू, अंदाजे तीन वर्षांचा नर. ओळखीच्या माणसांचा अतिशय लाडका, माद्यांशी खेळकर. मागच्या पायात जुनी इजा आणि संधिवात, रोज औषध लागतं. झोपेत दुखऱ्या बाजूने उचलल्यावर एकदा हाताला चावला आहे: दोन उथळ भोकं, लगेच सोडलं. जेवताना तीन पावलांच्या आत कुणी थांबलं तर गुरगुरतो, जवळून नुसतं गेलं तर खात राहतो. अनोळखी पुरुषांना घाबरतो. घाई केली नाही तर काही भेटींनंतर स्वतः जवळ येतो. एकटं राहण्याचा सराव सुरू आहे, अजून फार वेळ जमत नाही. लहान मुलं किंवा तोल जाणारी वृद्ध माणसं असलेल्या घरी देता येणार नाही. आधी भेटी, मग चाचणीचा काळ. कधीही, कुठल्याही कारणाने परत घेईन.'

उंबरठा

आम्हाला त्या वेळी अशी माहिती मिळाली असती तर... एक ओळ वाढवा: 'त्याला बरं कशाने वाटतं.' आवडता खाऊ, आवडता खेळ, घाबरल्यावर काय केलं की सावरतो.

सावळीविहीर

आणि चाव्याबद्दल नव्या घराला एक सूचना लेखी द्या. लस झालेला कुत्रा असला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारायचं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. लसीकरणाच्या कागदाची प्रत घरात हाताशी हवी.

रानजाई

कळवायला आनंद होतोय. जाहिरात वाचून दोन बहिणींनी संपर्क केला. एक घरूनच काम करते. त्यांच्याकडे एक वयस्क मादी आहे, तिलाही संधिवात आहे, त्यामुळे औषधांचं वेळापत्रक त्यांना नवं नाही. पहिल्याच फोनवर थोरलीने विचारलं, 'तो गुरगुरण्याआधी काय करतो?' मी क्षणभर बोलूच शकले नाही. इतक्या लोकांत हे विचारणारी ती पहिलीच.

पहिल्या भेटी बाहेर, फिरताना झाल्या, दोन्ही कुत्री समांतर चालवत. मग त्या माझ्या घरी आल्या, मग तांबू त्यांच्या घरी थोडा वेळ. त्यांचा भाऊ अधूनमधून येतो. त्याच्याशी वेगळी ओळख चालू आहे. तो येतो, बसतो, खाऊ बाजूला टाकतो, मोबाइलही बघत नाही. मागच्या भेटीत तांबूने त्याचा बूट हुंगला.

पाऊलखुणा

उत्तम! चाचणीच्या काळासाठी काय ठरवलंत? आमच्याकडे पहिले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा अंदाज सांगतात: आधी भेदरलेपण, मग दिनक्रम कळणं, मग घर आपलं वाटणं. प्रत्येक कुत्र्याला तो लागू पडत नाही, पण नव्या माणसांना थांबायला मदत करतो. तांबूचे नवे प्रश्नही तीन आठवड्यांनंतर दिसू शकतात, हे त्यांना सांगून ठेवा.

रानजाई

सांगितलंय. त्याचं अंथरूण न धुता सोबत देणार आहे. दोन्ही कुत्र्यांची ताटं वेगवेगळ्या खोल्यांत, दार लावून. पहिले काही आठवडे पाहुणे नाहीत. फक्त तो भाऊ येईल, ठरलेल्या पद्धतीनेच. एकटं राहण्याचा सराव त्यांच्या घरी पुन्हा पहिल्या सेकंदापासून. शेपूटवळण त्यांच्याशी व्हिडिओवर बोलणार आहेत. औषधं आणि एक्सरे त्यांच्या डॉक्टरांकडे पोचले. परत घेण्याची अट दोन्ही बाजूंनी सही करून लिहिली आहे. चाचणी संपेपर्यंत गळ्यातल्या बिल्ल्यावर दोन्ही घरांचे नंबर राहतील, मायक्रोचिपवरची (कातडीखालच्या ओळख-चिपवरची) नोंद त्यानंतरच बदलू.